डझन की किलो: जळगावची केळी जळगावात विकण्याचं एक प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला आपली पिकलेली केळी जळगाव शहरात विकायची होती. कंपनीकडे स्वतःचं रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची बंद खोली होती, सभासदांच्या बागा होत्या आणि जाहिरातीसाठी २,४०,००० रुपये होते. मुदत दहा आठवड्यांची. मोहीम आखायचं काम एमबीएच्या दुसऱ्या वर्षातल्या, मार्केटिंग घेतलेल्या पाच जणांच्या गटाकडे आलं. हे प्रकरण मी वर्गासाठी रचलं आहे. कंपनी, माणसं, रुपये आणि विक्रीचे आकडे बेतलेले आहेत. केळीचा धंदा, कायदे आणि सिद्धान्त मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बाहेरच्या वाचकाला यातली गंमत चटकन कळत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. सावदा आणि रावेरहून रेल्वेनं दिल्लीकडे माल जातो, ट्रकनं पंजाबपासून काश्मीरपर्यंत जातो. भाव काय निघाला हे पाहायला इथला शेतकरी बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे कान लावून बसतो. आणि जळगावात काय उरतं? घड कापल्यावर छटाईत जो माल बाजूला पडतो तो, म्हणजे वापसी. गोलाणी मार्केटजवळच्या किंवा पिंप्राळ्यातल्या गाडीवर दिसणारी केळी बरेचदा ही असते: लहान, कमी भरलेली, कुठे घासलेली. ज्या जिल्ह्याच्या नावानं केळी विकली जाते, त्या जिल्ह्याच्या गावात तिचा चांगला माल शोधावा लागतो.

कंपनीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी गटाला ब्रीफ तोंडीच दिलं. "आमची केळी दिल्लीवाला खातो, दुबईवाला खातो. जळगावचा माणूस वापसी खातो, अन् त्याले ते माहीतच नाही. त्याले फक्त सांगा."

ब्रीफ म्हणून हे फार चांगलं वाक्य आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं होतं. त्यात रोगनिदान आधीच करून टाकलेलं आहे: लोकांना माहीत नाही, म्हणून ते घेत नाहीत. गटातल्या कोणी ते तपासलं नाही. वहीत लिहिलं गेलं, "उद्दिष्ट: जागरूकता वाढवणे."

पहिला आराखडा आठवडाभरात तयार झाला. अजिंठा चौफुलीला मोठं होर्डिंग, १,१०,००० रुपये. इन्स्टाग्रामवर रील्स आणि दोन स्थानिक इन्फ्लुएन्सर, ६०,०००. आकाशवाणी जळगाववर स्पॉट, ४०,०००. उद्घाटनाचा कार्यक्रम, ३०,०००. घोषवाक्य होतं, "जगाची आवडती, आपल्या मातीतली". सादरीकरण देखणं होतं. केळीच्या जागी डाळिंब घातलं असतं, जळगावच्या जागी सोलापूर घातलं असतं, तरी एकही स्लाइड बदलावी लागली नसती. हा माझा पहिला शेरा होता. दुसरा शेरा उद्दिष्टावर होता.

रसेल कॉली यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेसाठी जी पद्धत मांडली ती आपण 'डॅगमार' म्हणून शिकतो आणि परीक्षेत लिहून विसरतो. तिचं म्हणणं साधं आहे: जाहिरातीचं उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. कोणाच्या मनात, आज किती, उद्या किती, कधीपर्यंत. "जागरूकता वाढवणे" यात यातलं एकही नाही. मी गटाला विचारलं, जळगावात केळी घेणाऱ्या शंभर बायांपैकी किती जणींना चांगली केळी कुठली हे आज माहीत नाही? उत्तर नव्हतं. लंडनच्या जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात एजन्सीत १९६८ मध्ये अकाउंट प्लॅनिंगचा, म्हणजे गिऱ्हाईक समजून घेऊन जाहिरात आखण्याचा, विभाग सुरू करणारे स्टीफन किंग नियोजनाची सुरुवात दोन प्रश्नांनी करत: आपण कुठे आहोत, आणि तिथे का आहोत. गटानं पहिल्याचं उत्तर अण्णांकडून उसनं घेतलं होतं आणि दुसरा प्रश्न गाळला होता.

मग ते गाड्यांवर गेले.

या भागावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आमच्या विद्यार्थ्यांना गूगल फॉर्मची इतकी सवय झाली आहे की समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारणं त्यांना मागासलेलं वाटतं. गटाचा पहिला फॉर्म मित्रमैत्रिणींत फिरला होता. भरणाऱ्यांपैकी बहुतेक जण हॉस्टेलवर राहणारे, घरची केळी न घेणारे. आता त्यांनी महाबळ, पिंप्राळा आणि फुले मार्केटच्या परिसरात सकाळ-संध्याकाळ गाडीशेजारी उभं राहायचं ठरवलं. विचारायचं कमी, पाहायचं जास्त. गिऱ्हाईक काय बोलतं, कुठल्या फणीला हात लावतं, किती वेळ थांबतं, एवढंच टिपायचं.

दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, खरेदी अर्ध्या मिनिटात आटोपते. "कशी दिली?" "चाळीस." "द्या." संपलं. दुसरी गोष्ट गटाला अनपेक्षित होती: वापसी म्हणजे काय हे बायकांना व्यवस्थित ठाऊक होतं. रावेर-यावलकडे माहेर असलेल्या एका आजीबाईंनी तर गटातल्या मुलीला उलट सुनावलं, "केयी इकत कोन घेतं? आमच्या वावरातून घडच्या घड यायचे." ज्यांच्या नात्यागोत्यात बाग आहे त्यांच्या मनात केळी ही फुकट येणारी वस्तू. विकत घ्यायची वेळ आलीच तर स्वस्तात घ्यायची. म्हणजे अण्णांचं निदान चुकलं होतं. माहिती होती, पैसे मोजायची तयारी नव्हती.

हेही अर्धंच निदान होतं. उरलेलं गाडीवाल्यानं सांगितलं.

गटातल्या एकानं पिंप्राळ्यातल्या गाडीवाल्याला विचारलं, "काका, चांगला माल का नाही ठेवत? लोक घेतील की." काकांनी दोन फण्या उचलून समोर ठेवल्या. "हे बारीक. हे मोठं. दोन्ही डझनावर विकायचं. मले सांग, मी कोनतं विकू?"

इथे कागद-पेन काढावं लागतं. कंपनीचं केळ सरासरी १७० ग्रॅमचं, म्हणजे डझनाचं वजन २ किलोच्या किंचित वर. वापसीचं केळ ११० ग्रॅमचं, डझन साधारण १.३२ किलो. गाडीवाला दोन्ही माल घेतो किलोनं. वापसी १८ रुपये किलो, म्हणजे डझन त्याला २४ रुपयांना पडतं. ४० ला विकलं की १६ सुटतात. कंपनीचा माल २४ रुपये किलो, म्हणजे डझन ४९ रुपयांना पडतं. गिऱ्हाईकाला चाळीसची सवय. पन्नास सांगितले तर एक रुपया सुटतो, साठ सांगितले तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. किलोनं विकत घ्यायचं आणि नगावर विकायचं, अशा बाजारात मोठं फळ ही गाडीवाल्यासाठी शिक्षा आहे. शेतकरी ज्या गुणासाठी वर्षभर खत-पाणी घालतो, तोच गुण शेवटच्या दहा फुटांत अवगुण ठरतो.

होर्डिंग कितीही मोठं लावलं असतं तरी हा हिशेब बदलला नसता. उलट जाहिरात पाहून दहा बाया गाडीवर आल्या असत्या, काकांनी "नाही ठेवत" म्हटलं असतं, आणि मोहिमेनं स्वतःच्या पैशानं निराशा विकत घेतली असती.

आता तोच हिशेब किलोनं करून पाहा. कंपनीचा माल ३६ रुपये किलोनं विकला तर गाडीवाल्याला किलोमागे १२ रुपये सुटतात. वापसीतही त्याला किलोमागे साधारण बाराच सुटतात, वर सडून फेकाव्या लागणाऱ्या मालाचं नुकसान. गिऱ्हाईकाच्या बाजूनं पाहिलं तर चाळीस रुपये डझनची वापसी तिला किलोला ३० रुपयांना पडते. डझनात बोललं की फरक ४० आणि ७३ असा भयंकर दिसतो. किलोत बोललं की तो ३० आणि ३६ असा राहतो. माल तोच, पैसे तेच. फक्त माप बदललं.

गटाला संदेश इथे सापडला: "मोजू नका, तोलून घ्या." मला हे वाक्य त्यांच्या आधीच्या घोषवाक्यापेक्षा कितीतरी सरस वाटतं. ते गिऱ्हाईकाला काहीतरी करायला सांगतं. आणि ते सोलापूरच्या डाळिंबाला चिकटवता येत नाही, कारण डाळिंब आधीपासूनच किलोनं विकलं जातं.

संदेश ठरल्यावर माध्यमांचा प्रश्न निम्मा सुटला. रिचर्ड वॉन यांनी १९८० मध्ये एफसीबी या जाहिरात एजन्सीसाठी जी चौकट मांडली, तिच्यात केळी सवयीच्या चौकोनात बसते: बाजू भावनेपेक्षा विचाराची, पण मन फारसं गुंतत नाही, क्रम 'आधी करा, मग जाणा, मग आवडू द्या' असा. घर घेताना माणूस आधी माहिती गोळा करतो. केळी आधी खातो आणि मग मत बनवतो. त्यामुळे चव दाखवणं हे जाहिरातीच्या आधी यायला हवं. गटातल्या एका मुलानं इथे हर्बर्ट क्रुगमन यांचा १९७२ मधला तीन वेळांचा सिद्धान्त काढला आणि होर्डिंगची बाजू लावून धरली: माणसानं तीनदा पाहिलं पाहिजे ना? क्रुगमन यांचे तीन टप्पे मनाचे आहेत, हे काय आहे, माझा याच्याशी काय संबंध, आणि मग आठवण. तीन बोर्ड लावा असं त्यात कुठेच नाही. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी होणाऱ्या खरेदीला आर्विन एफ्रन यांची नंतरची मांडणी जास्त लागू पडते: संदेश किती वेळा दिसला यापेक्षा खरेदीच्या किती जवळ दिसला हे पाहा. केळीच्या खरेदीच्या सगळ्यात जवळ काय असतं? गाडी.

नव्या आराखड्यात मोठा खर्च गाडीवर गेला. वीस गाड्यांना इलेक्ट्रॉनिक काटे, ५०,००० रुपये. संदेश छापलेल्या वीस मोठ्या छत्र्या, ४४,०००. बचत गटातल्या बायकांना गाडीशेजारी उभं करून कापलेली केळी चाखायला देणं आणि दोन फण्या काट्यावर ठेवून दाखवणं, याचे मिळून ६४,०००. फणीवर लावायचे स्टिकर, १८,०००. रेडिओला २०,००० उरले आणि फिरत्या रिक्षेच्या भोंग्याला १५,०००. उरलेल्यातून १५,००० मोजमापाला, १४,००० हाताशी. होर्डिंग शून्य. काट्यावर पैसे खर्च करणं ही जाहिरात कशी, असं परीक्षक विचारतील म्हणून गट घाबरत होता. गिऱ्हाईकाच्या नजरेसमोर आकडा उजळवणारी वस्तू जाहिरात नसेल तर मग काय जाहिरात आहे? अर्थात, काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का असायला हवा. तोलून घ्या म्हणायचं आणि बिनशिक्क्याच्या काट्यावर तोलायचं हे चालणार नाही.

ब्रँडची बाजू कोणी मांडलीच नाही असं नाही. गटातल्या मुलीनं चिकिटाचं उदाहरण आणलं: १९६३ पासून त्या कंपनीनं केळीवर निळं स्टिकर लावलं आणि एका बिनचेहऱ्याच्या फळाला नाव मिळवून दिलं. उदाहरण खरं आहे. पण त्या कंपनीच्या हातात बागेपासून जहाजापर्यंत सगळी साखळी होती. आपल्या कंपनीचा ताबा चेंबरच्या दारापर्यंत. शिवाय स्टिकर फणीवरून निघतं आणि वापसीवर बसतं, हे कोणत्याही गाडीवाल्याला शिकवावं लागत नाही. म्हणून स्टिकर ठेवलं, पण भिस्त काट्यावर. "केळी खा" असा सर्वसाधारण प्रचार करावा, ही सूचनाही आली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीनं अंड्यांसाठी तसं केलं आणि ते गाजलं. तिथे देशभरचे उत्पादक एकत्र होते. इथे एका कंपनीच्या पैशानं केळीची मागणी वाढली असती तर फायदा वापसीवाल्याचा.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात, पण तो टाळता येत नाही. रेडिओ स्पॉटच्या मसुद्यात "कार्बाइडमुक्त, नैसर्गिकरीत्या पिकवलेली" असं होतं. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीच बंदी आहे. जे करणं गुन्हा आहे ते आम्ही करत नाही, हा गुण म्हणून सांगितला की बाकीचे सगळे ते करतात असं सुचवलं जातं. आणि चेंबरमध्ये केळी पिकते इथिलीन वायूवर. त्याला परवानगी आहे, १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) मर्यादेत. पण मग "नैसर्गिकरीत्या" कुठून आलं? 'नैसर्गिक', 'ताजं', 'शुद्ध' असे शब्द कधी वापरता येतील याच्या अटी २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांत आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो इन्फ्लुएन्सरलाही लागू शकतो. अडीच लाखांच्या मोहिमेत हा धोका कशाला? गटानं ओळ बदलली: "इथिलीन चेंबरमध्ये पिकवलेली." नीरस आहे. खरी आहे. तसंच छत्रीवर "जीआय केळी" छापण्याआधी कंपनी मानांकनाच्या नोंदवहीत अधिकृत वापरकर्ता आहे का, हे पाहावं लागलं. नव्हती. छत्रीवर ते छापलं नाही.

वेळापत्रक ठरवताना मात्र गटाची आणि अण्णांची खरी जुंपली. गटाचं म्हणणं, श्रावण ते नवरात्र. उपासाचे दिवस, मागणी आपोआप. पुस्तकी उत्तर म्हणून निर्दोष. अण्णा हसले. त्या दिवसांत उत्तरेकडूनही मागणी चढते, व्यापारी बांधावर येऊन चढा भाव देतो, आणि सभासद कंपनीला सांगतो, "अण्णा, पुढच्या कापणीला देतो." म्हणजे मागणी सगळ्यात जास्त तेव्हा कंपनीकडे माल सगळ्यात कमी. वर मे महिन्यातलं ऊन, जूनची वादळं आणि पावसाळ्यात केळीच्या झाडांवर येणाऱ्या सीएमव्ही विषाणूचा धोका. शेवटी मोहीम डिसेंबरपासून ठेवली. उत्तरेत कडाक्याची थंडी पडली की तिकडची मागणी मंदावते, भाव उतरतो, माल हातात राहतो. अडचण एकच, थंडीत केळी खाल्ली की सर्दी होते असं घरोघरी मानतात. त्यासाठी चाखण्याची वेळ सकाळऐवजी दुपारची, उन्हाची ठेवली. या समजुतीशी वाद घालायचा नाही असंही ठरलं, आणि ते मला पटलं. वीस हजारांच्या रेडिओत आजीबाईंचं मत बदलत नाही.

यातून एक श्रोता नव्यानं पुढे आला जो कुठल्याच आराखड्यात नव्हता: कंपनीचे सभासद. माल आला नाही तर छत्र्या उन्हात उभ्या राहतील. हाताशी ठेवलेल्या १४,००० पैकी काही रक्कम सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजची विक्री आणि दर दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओंवर गेली. ग्राहकासाठीच्या मोहिमेतला सगळ्यात कमी खर्चाचा भाग शेतकऱ्यासाठी होता, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कमी पडला.

उद्दिष्ट आता असं लिहिलं गेलं: वीस गाड्यांवर सध्या एकही किलो केळी तोलून विकली जात नाही, दहा आठवड्यांनी प्रत्येक गाडीवर कंपनीचा माल रोज किमान २५ किलो तोलून विकला जावा, आणि गिऱ्हाईकांपैकी तिघांत एकानं स्वतःहून "तोलून द्या" म्हणावं. दुसरा भाग महत्त्वाचा. पहिला कंपनीच्या चलनांवरून कळतो. दुसरा गाडीशेजारी उभं राहूनच कळतो.

आधी सहा गाड्यांवर चार आठवडे चाचणी झाली. पहिल्या आठवड्यात गाडीमागे रोज सरासरी ९ किलो, चौथ्यात १९. आकडा चढता होता. गट खूश होता. पण चौथ्या आठवड्यात पिंप्राळ्याच्या काकांनी काटा गाडीखाली ठेवून दिला आणि पुन्हा डझनावर आले.

कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते गटाच्या कोष्टकात कुठेच नव्हतं. माप किलो झालं तसं गिऱ्हाईक किलोच मागू लागलं, जसं ते इतर फळं मागतं. एक किलो म्हणजे सहा केळी. जी बाई आधी डझन नेत होती आणि काकांना १६ रुपये सोडून जात होती, ती आता सहा केळी नेते आणि १२ सोडून जाते. दुसऱ्या दिवशी ती परत येते का? काही येतात, काही दुसऱ्या गाडीवर जातात. गटानं प्रत्येक किलोमागचा नफा बरोबर काढला होता. प्रत्येक गिऱ्हाईकामागचा काढला नव्हता.

उरलेल्या चौदा गाड्यांसाठी दोन पर्याय टेबलावर आले. एक, दोन किलोला दोन रुपये सूट, म्हणजे ७० ला दोन किलो; गाडीवाल्याला २२ सुटतात आणि डझनाइतकंच फळ घरी जातं. पण सूट एकदा दिली की ती काढता येत नाही, आणि ती कोणी सोसायची, गाडीवाल्यानं की कंपनीनं? दुसरा पर्याय गटातल्या सगळ्यात गप्प मुलानं मांडला: किलो हे मापच नको, फणी हे माप ठेवा. फणी किंवा अर्धी फणी उचलायची, काट्यावर ठेवायची, जे होईल ते द्यायचं. माणूस आकड्याऐवजी वस्तू उचलेल, आणि अर्धी फणी सव्वा किलोच्या आसपास जाते, मोठी असेल तर दीडच्या पुढे. बाग पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचंही वाटेल. अडचण अशी की फणी फोडून कमी-जास्त करणं ही गिऱ्हाईकाची जुनी सवय आहे आणि फुटलेली फणी विकायला गाडीवाला नाराज असतो.

अण्णांनी दोन्ही ऐकलं आणि विचारलं, छत्र्या किती छापल्या? वीसच्या वीस, "मोजू नका, तोलून घ्या" यासह. फणीच्या पर्यायाला ते वाक्य अजून चालतं, दोन किलोच्या सवलतीला ते अपुरं पडतं. गटाला पुढच्या सोमवारपर्यंत लेखी शिफारस द्यायची आहे: कोणता पर्याय, कोणत्या सात गाड्यांवर, तुलनेला कोणत्या सात तशाच ठेवायच्या, आणि काकांना काटा पुन्हा वर काढायला काय सांगायचं. वर्गाला मी इथेच थांबवतो आणि कागद वाटतो.